म्हसळ्याच्या कटरवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या दिवेआगरवरून गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही टेम्पोत कटर (साखळीची यांत्रिक करवत), दोर आणि चेनपुली घालून आमच्या वाडीत आलात. तेव्हा वीज नव्हती, फोन लागत नव्हते, नारळी-पोफळी आडव्या झालेल्या, आणि वरून लॉकडाऊन. पेट्रोल मिळणं मुश्कील होतं, तर तुम्ही ऑइल घातलेलं पेट्रोल घरूनच कॅनमध्ये भरून आणलंत. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आमच्याकडे जसं काम केलंत ते कटर हातात धरणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.

आल्या आल्या तुम्ही विचारलंत, "तलाठ्यांचा पंचनामा झाला का? फोटो काढलेत का?" एरवी आंबा-फणस तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हेही तुम्हीच सांगितलंत. कापून मोकळं व्हा म्हणून सगळे घाई करत होते. पंचनामा होईपर्यंत तुम्ही मशीनला हात लावला नाहीत.

मग ती चिंच. वाटेवर आडवी पडलेली, मुळांचा गड्डा मातीसकट उभा आणि त्याखालच्या खड्ड्यात वाडीतली पोरं खेळत होती. तुम्ही आवाज चढवलात तो तेवढ्या एकदाच. खोड कापलं की मुळांवरचा भार जातो आणि गड्डा झटक्यात मागे खड्ड्यात बसतो, आत कोणी असेल तर बाहेर काढायलाही वेळ मिळत नाही. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. तुम्ही पोरांना पार ओटीवर बसवलंत, मोजून घेतलंत आणि मगच कटर चालू केलंत. शेवटचा काप पडला, आणि तो अख्खा गड्डा धाडकन खाली बसला. माझा धाकटा त्या पोरांत होता, दादा. यापुढे काय लिहू?

गोठ्याकडे कललेला रायवळ आंबा हे खरं अवघड काम होतं. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, एका बाजूची मुळं उचकटलेली. गावातल्या काहींचं म्हणणं होतं, मागून काप घाला, पडेल आपोआप. तुम्ही म्हणालात, कललेलं झाड असं मागून कापत गेलं तर बुंधा मध्येच उभा चिरतो आणि फाटलेला भाग कापणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून आधी वर चढून गोठ्याच्या बाजूच्या फांद्या एकेक करून दोराने खाली सोडल्यात. मग चेनपुलीने झाड अंगणाच्या बाजूला ताणून धरलंत. ज्या बाजूला पाडायचं तिकडे पाव बुंध्याइतकी तिरकी खाच, मागून तिच्या किंचित वरच्या पातळीवर काप, आणि मध्ये न कापलेली पट्टी. ती पट्टी तुम्ही आमच्या पुतण्याला बोट लावून दाखवलीत. दार बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर फिरतं, ती कापून टाकली तर झाड कुठेही जाईल, म्हणालात. पाचरी ठोकल्यात, मागे तिरकं निसटायची वाट कोयत्याने साफ करून घेतलीत आणि झाडाच्या दुप्पट उंचीइतकं अंतर मोकळं करायला लावलंत. शेजारच्या आजोबांनाही उठवलंत, ते कुरकुरले तरी.

आंबा नेमका अंगणात पडला. गोठ्याचं एक कौलही हललं नाही, आणि त्या वादळानंतर आमच्याकडे शाबूत राहिलेलं छप्पर तेवढंच होतं.

ओंडके करण्याआधी तुम्ही सासूबाईंना चुलीचं तोंड किती आहे ते विचारलंत. त्या मापानेच तुकडे पाडलेत, जाड होते ते पाचरीने फोडून दिलेत. सासूबाईंना याचं फार अप्रूप. आयुष्यभर लाकडं आणून देणाऱ्यांनी त्यांना असं कधी विचारलं नव्हतं.

आणि सरपणाचं तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं निघालं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, आमची सगळी लाकडं पडवीचे पत्रे उडाल्यामुळे भिजून गेली होती. समोर ढीगभर आंबा पडलेला, पण ओला. ताज्या लाकडात निम्मं तर पाणीच असतं, जाळलंत तर धूर होईल आणि भात शिजणार नाही, असं म्हणालात. दुसऱ्या दिवशी येताना तुमच्या घरची सुकी ऐनाची, किंजळाची लाकडं टेम्पोत भरून आणलीत. तुमच्याकडेही पावसाळा होताच की! त्या लाकडांवर आमची चूल चालली, वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, पाणी तापलं, शेजारच्या दोन घरांचा भातही आमच्याकडेच शिजला. आंबा आम्ही जमिनीपासून उचलून, खाली वासे घालून, वरून ताडपत्री टाकून रचला. पुढच्या उन्हाळ्यात तो खणखणीत वाळला.

मजुरी तुम्ही निम्मीच घेतलीत. त्यावर वाद घातला तर म्हणालात, वादळ काय तुम्ही आणलंत? सासूबाई अजून त्याचा हिशोब काढतात.

दादा, एका गोष्टीची मला काळजी वाटते आणि ती मी मोठ्या अधिकाराने लिहितेय. साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी टोकाच्या वरच्या बाजूने लागली की मशीन तोंडाकडे उसळते, हे तुम्हीच पुतण्याला शिकवलंत. टोकाने कापू नको, खांद्याच्या वर मशीन नेऊ नको, हेही शिकवलंत. पण तुमच्या स्वतःच्या पायात चपला होत्या आणि डोळ्यांवर काही नव्हतं. कोकणात सगळे असेच कापतात. म्हणून पुतण्याने पुण्याहून जाळीचा मुखवटा असलेलं हेल्मेट, कानांवरचे मफ आणि साखळी अडवणारं पायांवरचं कापड आणलंय. बुटांचं माप माहीत नाही, तेवढं कळवा. खाली बाजाराला आलात की घरी या आणि हे सगळं घेऊन जा. जेवूनच जायचं आहे.

तुमची,
दिवेआगरची वहिनी