मशीन रिकामं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दुकान माझं आहे, गिऱ्हाईक कोणतं घ्यायचं ते मी ठरवीन’ अशा आशयाचं एका व्यावसायिकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. समलिंगी ग्राहकांना सेवा नाकारण्याची मुभा व्यावसायिकाला असावी, असं त्यांचं म्हणणं आहे. मी मुद्रक आहे. वडिलांच्या पश्चात २६ वर्षं छापखाना चालवते आहे आणि आलेलं काम परत पाठवणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे. त्या अनुभवात माझी एक चूक आहे, ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी तिशीतले दोघे जण एका घरगुती समारंभाचं निमंत्रण छापून घ्यायला आले. दीडशे प्रती, जाड हस्तिदंती कागद, एकच रंग. मजकूर त्यांनी टाइप करूनच आणला होता, जेमतेम सात ओळी. आम्ही एकत्र राहू लागल्याला पाच वर्षं होत आहेत, त्या आनंदात सहभागी व्हायला यावं, आणि खाली दोघांची नावं. मी सवयीनं शुद्धलेखन बघत शेवटच्या ओळीपर्यंत आले, नावं वाचली आणि मान वर केली. म्हणाले, ‘या महिन्यात जमणार नाही हो, मशीन भरलंय.’ मशीन माझ्या मागेच होतं आणि ते बंद होतं. दोघांनाही ते दिसत होतं. एकानं कागद होता त्याच घडीवर दुमडला, खिशात ठेवला आणि ‘ठीक आहे, थँक्यू’ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्यही नव्हतं, आणि मला आजही टोचतं ते हेच. हे वाक्य त्यांना नवीन नव्हतं.

मी असं का केलं? कुठल्या तत्त्वासाठी नाही. समलिंगी नात्यांबद्दल माझं धड मतसुद्धा त्या वेळी नव्हतं. टेबलावर पडलेलं प्रूफ दुसरं कुणी बघेल, काहीतरी बोलेल, एवढीच भीती. न झालेल्या कुजबुजीसाठी मी दोन सज्जन माणसांना खोटं सांगून परत पाठवलं.

त्यानंतर मी आजवर नाकारलेली कामं आठवून बघितली. फार नाहीत. एकदा एका जुन्या, वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकानं एका समाजाबद्दल गलिच्छ मजकूर असलेलं पत्रक आणलं होतं. मी ते वाचलं, परत दिलं, हे माझ्या छापखान्यात छापलं जाणार नाही म्हणून सांगितलं. तो चिडला. पण पुढच्या आठवड्यात त्याचीच पावतीपुस्तकं मी छापून दिली, नेहमीच्या दरात, वेळेत. दुसऱ्या एकाला मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाची हँडबिलं हवी होती, तीही नाकारली. ही दोन्ही कामं कुणीही आणली असती तरी मी नाकारलीच असती. माझ्या सख्ख्या भावानं आणली असती तरी.

त्या सात ओळींचं तसं नव्हतं. खालच्या दोन नावांपैकी एक बाईचं असतं तर मी तोच मजकूर, त्याच कागदावर, त्याच दिवशी छापायला घेतला असता. म्हणजे मी मजकूर नाकारलाच नव्हता. माणसं नाकारली होती. पत्रलेखकांच्या पत्रात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि जगभरातल्या कोर्टांतली भांडणंही नेमकी याच सांध्यावर अडली आहेत.

बेलफास्टच्या बेकरीचा खटला बघा. २०१४ मध्ये एका ग्राहकानं समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या, अशी घोषणा लिहिलेला केक मागितला. बेकरीनं आधी ऑर्डर घेतली, मग आपल्या धर्मश्रद्धेत ते बसत नाही म्हणून पैसे परत केले. खालच्या कोर्टांत बेकरी हरली. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्ष लेडी हेल यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा, की आक्षेप घोषणेला होता, ग्राहकाला नव्हता. हीच घोषणा मागणाऱ्या भिन्नलिंगी माणसालाही बेकरीनं नकारच दिला असता. ती घोषणा मला स्वतःला पटते. तरीही मुद्रक म्हणून मला हा निकाल बरोबर वाटतो. आज त्या बेकरीला तिच्या मनाविरुद्धची घोषणा लिहायला भाग पाडलं, तर उद्या ते गलिच्छ पत्रक छापायला मलाही भाग पाडता येईल.

पण याच न्यायालयानं २०१३ मध्ये एका गेस्टहाउसच्या चालक दांपत्याला वेगळं सांगितलं होतं. कॉर्नवॉलमधल्या त्यांच्या गेस्टहाउसमध्ये दोन पुरुषांनी खोली आरक्षित केली होती. ते दोघे कायद्यानं नोंदणी झालेले जोडीदार होते. दारात पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आलं, डबल बेडची खोली फक्त विवाहितांना मिळते. ब्रिटनमध्ये तेव्हा समलिंगी जोडप्यांना विवाह करताच येत नव्हता. म्हणजे अट वरून सरसकट दिसत होती, आतून ती त्यांच्यासाठी बंद दार होती. चालकांची श्रद्धा प्रामाणिक होती, याबद्दल वाद नव्हता. तरीही न्यायालयानं हा भेदभाव ठरवला. खोली म्हणजे घोषणा नव्हे. ज्याला तुम्ही रात्रीपुरती गादी देता त्याच्या आयुष्याला तुमची संमती आहे, असं कुणी समजत नाही.

अमेरिकेतलं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे आणि पत्रलेखकांनी त्यातलाच आधार घेतला आहे. कोलोरॅडो राज्यात २०१२ मध्ये दोन तरुण, त्यांच्यातल्या एकाची आई सोबत, लग्नाचा केक ठरवायला बेकरीत गेले. केकवर काय लिहायचं, तो कसा दिसायला हवा, याबद्दल एक शब्दही बोलणं व्हायच्या आत नकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयानं ४ जून २०१८ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी बेकरीवाल्याला दिलासा दिला, हे खरं. पण तो दिलासा, तक्रार ऐकणाऱ्या राज्याच्या नागरी हक्क आयोगानं त्याच्या धर्माबद्दल तटस्थता राखली नाही, एवढ्या कारणानं होता. दुकानदाराला समलिंगी ग्राहक नाकारता येतो का, हा मूळ प्रश्न न्यायालयानं सोडवलाच नाही. ‘अमेरिकेत कोर्टानं परवानगी दिली’ असं जे सांगितलं जातं, ते या निकालाच्या बाबतीत चुकीचं आहे.

३० जून २०२३ चा निकाल मात्र पुढे गेला. त्याच राज्यातल्या एका वेबसाइट डिझायनरला विवाहांच्या वेबसाइट करायच्या होत्या, पण समलिंगी विवाहांच्या नाही. एकही विवाह-वेबसाइट करण्याआधीच ती कोर्टात गेली होती. सहा विरुद्ध तीन मतांनी ती जिंकली. वेबसाइट ही तिची स्वतःची अभिव्यक्ती आहे आणि सरकार कुणाच्या तोंडी शब्द घालू शकत नाही, असं बहुमत म्हणालं. न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी भिन्नमत नोंदवताना बजावलं, की लोकांसाठी खुल्या असलेल्या व्यवसायाला कायद्यानं संरक्षण दिलेल्या वर्गातील लोकांना सेवा नाकारण्याचा घटनात्मक हक्क या न्यायालयानं प्रथमच दिला आहे.

तिथे मी सोटोमेयर यांच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण माझ्या कामातच आहे. मी हजारो लग्नपत्रिका छापल्या. त्यातल्या एकाही जोडप्याला माझा आशीर्वाद आहे की नाही, हे कुणी पत्रिका वाचून ठरवलं नाही. दुसऱ्या लग्नाच्या छापल्या, घरच्यांचा विरोध असलेल्या छापल्या, मला मनातून न पटलेल्याही छापल्या. ‘आमच्या येथे’ असं छापलेलं असतं तेव्हा ते ‘आमच्या’ यजमानांचं असतं, माझं नसतं. अक्षरं कशी बसवायची, समास किती सोडायचा, कुठला टाइप शोभेल, ही कला आहेच, त्यात मला कुणी कमी लेखू नये. पण बोलणं गिऱ्हाइकाचं. एखाद्या कवीला, गायकाला अमक्या लग्नासाठी गाणं रच म्हणून कायद्यानं बांधू नये, हे मला मान्य आहे. तो दुकान मांडून बसलेला नसतो.

आणि दुकान म्हणजे काय, हे फार पूर्वी सांगून झालं आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावाला मनाई करणाऱ्या, आजच्या पंधराव्या अनुच्छेदावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दाच्या व्याप्तीबद्दल विचारणा झाली. डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थानं वापरल्याचं सांगितलं. सेवा मागायला येणाऱ्या कुणालाही ती द्यायला मालक तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नुसतं आत पाऊल टाकायला मिळणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळाली पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला माझं बंद मशीन आठवलं. ते दोघे आत आले होते, खुर्चीवर बसले होते, मी पाणीसुद्धा विचारलं होतं. सेवा तेवढी दिली नव्हती.

‘एक दुकान नाही म्हणालं तर दुसरं आहे’ हा पत्रलेखकांचा युक्तिवाद मी स्वतःच्या समाधानासाठी पुष्कळ दिवस वापरला. दुसरा मुद्रक त्यांना मिळाला असेलही. पण दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकताना हाही आपल्याकडे बघून मशीन भरल्याचं सांगेल का, हा विचार त्यांना करावा लागला असेल. बाकी कुठल्याच गिऱ्हाइकाला तो करावा लागत नाही.

श्रद्धेचं कारण मी हलकं समजत नाही. पण तेही नवं नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिण कॅरोलायनातल्या एका हॉटेल-मालकानं काळ्या लोकांना टेबलावर वाढणं आपल्या धर्माविरुद्ध आहे, असं कोर्टात सांगितलं होतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बचाव अगदीच पोकळ म्हणून बाजूला सारला. शिवाय कोलोरॅडोच्या ज्या कायद्याविरुद्ध एवढी ओरड झाली, तोच कायदा धर्मावरून ग्राहक नाकारायलाही बंदी करतो. बेकरीवाला स्वतः गिऱ्हाईक म्हणून कुठे गेला आणि त्याच्या श्रद्धेवरून त्याला कुणी हाकललं, तर त्याच कायद्याचं दार त्याला उघडं आहे.

आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी पंधराव्या अनुच्छेदातल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असं स्पष्ट लिहिलं. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकानांचा उल्लेख आहे. पण परत पाठवलेल्या गिऱ्हाइकानं एका खोट्या वाक्यासाठी संविधानाचा अनुच्छेद घेऊन वरच्या कोर्टात जावं, ही अपेक्षा कोण करील? तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात वस्तू आणि सेवा नाकारण्याला साध्या शब्दांत मनाई आहे. तेवढंच एक कलम समलिंगी ग्राहकांसाठी व्हावं, आणि त्यात मजकूर नाकारण्याची मुभा सर्वांना सारखी राहील, असंही लिहावं. त्या कलमाविरुद्ध पत्रलेखकांना आणि मला तक्रार करण्यासारखं काही उरणार नाही.

त्या दोघांचा फोन नंबर माझ्याकडे नाही. ऑर्डर घेतली असती तर असता.

कळावे,
आपली,
एक मुद्रक

(त्या दोघांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव व गाव छापू नये, ही विनंती.)