उशिरा येणारा ‘हं’

प्रिय संज्या,

परवा फोनवर म्हणालास, “तू हल्ली तुटक बोलतोस, राग आलाय का?” राग कसला डोंबलाचा! गंमत म्हणजे मलाही तुझ्याबद्दल तेच वाटत होतं. मी काही सांगावं, तू जरा जास्तच वेळ गप्प राहावंस, मी पुढचं बोलायला तोंड उघडावं आणि नेमका तेव्हाच तुझा ‘हं’ यावा. मग “बोल बोल”, “नाही, तू बोल”. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. इथे तुला मधे तोंड घालता येत नाही.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं अशी मोजली होती. जपानी सगळ्यांत चटपटीत, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण एकूण सरासरीपासून पाव सेकंदापेक्षा फार लांब कुणीच नाही. मराठी त्यात नव्हती. सदाशिव पेठेत मोजलं असतं तर उत्तर प्रश्नाच्या आधीच आलं असतं, ते सोड.

खरी मेख पुढेच आहे. साधा एक शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. मग एवढ्या झटपट उत्तर येतं कसं? तर समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो आणि आपलं उत्तर जुळवून ठेवतो. कुणी कुणाची वाट बघत बसत नाही, अंदाजानं उडी मारतो.

हे तुला आपल्या ढोल-ताशा पथकामुळे लगेच पटेल. सध्या नदीपात्रात सराव जोरात आहे. मागच्या रांगेत एक नवा पोरगा आलाय, मनगट उत्तम, पण प्रत्येक ठोका फरफटत मागून. मला आधी वाटलं, हात कच्चा आहे. तसं नव्हतं, तो फार प्रामाणिकपणे ऐकून वाजवत होता! ताशे त्याच्यापासून तीस-पस्तीस मीटर पुढे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ठोका त्याच्या कानाशी पोचेपर्यंतच सेकंदाचा दहावा भाग गेलेला. त्यावर ऐकून टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, हाणायचा वेळ वेगळा. दादांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “कान बंद ठेव, पुढच्याचा खांदा बघ.” टिपरू खाली यायच्या आधी खांदा उचलतो ना, तो. थोड्या वेळात पोरगा रांगेत असा मिसळला की मला शोधावा लागला. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांचीच लय चढली आणि ताशेवाल्यांनी डोळे वटारले, पण ते काय दरवर्षीचंच.

फोनवर हा खांदा दिसत नाही. बोलण्याआधी घेतलेला श्वास, वर गेलेली भुवई, काहीच वेळेवर पोचत नाही. व्हिडिओ लावला तरी तोच उशीर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते टोरोंटो अगदी सरळ रेघ धरली तरी एका बाजूनं साठेक मिलिसेकंद, आणि केबली काही सरळ जात नाहीत. त्यात वायफाय, तुझे ते ब्लूटूथचे इअरफोन. आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, शिफारस एका बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत राहा अशी आहे, आपण ती मर्यादा नक्की ओलांडत असणार. जर्मनीतल्या काही संशोधकांनी २०१४ च्या सुमारास मुद्दाम उशीर घातलेल्या फोनवर माणसांना बोलायला लावलं. दोष लाईनचा, पण लोकांना समोरचा माणूसच नीट लक्ष देत नाही असं वाटलं. आपलं दोघांचं अगदी तेच झालंय बघ. तेव्हा वायरचे इअरफोन आण, निदान तेवढा उशीर वाचेल.

तुझ्या जवळच, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात, चौदा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झालाय. बाळाला कुणीतरी पुढ्यात बांधून गाण्यावर उड्या मारायच्या, समोर दुसरी बाई उड्या मारते, कधी बाळाच्या ठेक्यात, कधी मुद्दाम बेठेक्यात. नंतर ती बाई चुकून पडल्यासारखे कपड्यांचे चिमटे वगैरे खाली टाकते. ठेक्यात उड्या झालेली बाळं ते उचलून द्यायला जास्त धावली. चिऊ आता त्याच वयाची होत आली ना? वहिनीला सांग, करून बघा आणि मला कळवा.

लय जुळली की माणसं जवळ येतात, हे मला मान्य. त्यापुढे जाऊन कुणी जगाचे तंटे मिटवायला निघालं की मात्र मी हात जोडतो. विसर्जनाला एका ठोक्यात वाजवलेली आपली मंडळी दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या भाड्यावरून एकमेकांच्या अंगावर जातात, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. स्वतः मधे पडला होतास.

बाकी आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. गणपतीत येणार असशील तर आत्ताच सांग. तुझा ढोल मी त्या नव्या पोराला दिलाय, आणि तो आता सुखासुखी सोडेल असं दिसत नाही.

तुझा,
बाळ्या