चिऊला तिकडे न पाठवण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

या सुट्टीत चिऊला महिनाभर तुमच्याकडे ठेवण्याऐवजी तुम्ही दोघांनीच इकडे यावे, असे आम्ही ठरवले आहे. तुमच्या मायेत काही उणे आहे, असे कृपा करून मनात आणू नका. चार वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही, तिला क्रम कळतो. दात घासणे, आंघोळ, खेळ, जेवण, झोप अशी चित्रे आम्ही भिंतीवर ओळीने लावली आहेत आणि एकेक काम झाले की ते चित्र ती स्वतः उलटे करते, दोन्ही हातांनी, अगदी गंभीर चेहऱ्याने. मधलेच एखादे गळले तर ती रडते, तो हट्ट नसतो. पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याची ती धास्ती असते. या वयात दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते आणि जागा, माणसे, वेळा हे सारे एकदम बदलले की आधी झोपच बिघडते.

बाबा, रात्री तुम्ही गजराच्या घड्याळाला किल्ली द्यायचात, ती करकर ऐकली की मी डोळे मिटायचे. त्यामुळे हे तुम्हाला मी काय समजावणार! तरी सांगते. खेळ थांबवायचा असेल तर ५ मिनिटे आधी सांगा, आणि बेत बदलावाच लागला तर तिच्यासमोर चित्र बदला. आई, रात्री गोष्ट एकच सांग, तीही कालचीच. आणि तिला हट्टी म्हणू नकोस गं.

तुमच्यासाठी न्हाणीघराला लागून असलेली खोली ठेवली आहे. आईच्या गुडघ्यांसाठी उंच खुर्ची आहे, बाबांची जाड उशी आहे, आणि दुपारी चिऊ झोपते तेव्हा घर शांत असते, म्हणजे तुमचीही विश्रांती चुकणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा आणि जड सामान बाबांनी मुळीच उचलायचे नाही.

तुम्हा दोघांचा एक फोटो मात्र आधी पाठवा. तो चित्रांच्या ओळीत लावायचा आहे, म्हणजे तुम्ही येणार हे तिला आठवडाभर आधीपासून ठाऊक असेल.

तुमची,
छकुली