गुरुवारी पाच वाजता

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

काल फोनवर आपण वीस मिनिटं बोललो, त्यातली पंधरा पावसावर गेली. ठेवता ठेवता म्हणालास, ‘गुरुवारी पाचची वेळ मिळालीय त्या बाईंची. तिथे नेमकं करतात काय रे?’ आणि माझी ततपप झाली. घरात सगळे बसले होते. म्हणून हे लिहितोय.

ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळं नॉर्मल आणि तरी पहाटे तीनला छाती धडधडून जाग येते, तेव्हा तुझ्या फॅमिली डॉक्टरांनी समुपदेशकाचं नाव लिहून दिलं यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याला लहानपणापासून एकच ठाऊक : जास्त बडबडला की ‘येरवड्याला पाठवा’. मुंबईकडचे पाहुणे असले तर ते ठाण्याला पाठवायचे. ठणठणीत आणि येरवडा यांच्या मधे काही असतं, हे कुणी सांगितलंच नाही.

माझ्या समुपदेशक मॅडमकडे गेलो त्या पहिल्या दिवशी मी घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर तपासायला चाललोय. इमारतीखाली स्कूटर लावली आणि तिच्यावरच बसून राहिलो. तळमजल्यावर पिको-फॉलचं दुकान होतं. तिथल्या मावशींनी दोनदा विचारलं, ‘साडी न्यायला आलात का?’ तिसऱ्यांदा विचारतील या धास्तीने जिना चढलो. माझ्या उपचारांचं निम्मं श्रेय त्या मावशींना.

आत कोचावर आडवं वगैरे व्हायचं नसतं. दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर, त्यांना दिसेल असं. सत्र पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचं असतं आणि रडत असलास तरी ते वेळेवर संपतं. मला पहिल्यांदा ते फार लागलं होतं.

सुरुवातीला एक अर्ज भरून घेतात : झोप, भूक, औषधं, दारू-तंबाखू, घरात कुणाला असा त्रास होता का. सोबत संमतिपत्र. आपण बँकेत करतो तशी डोळे मिटून सही ठोकू नकोस, वाच. फी किती, वेळ आयत्या वेळी रद्द केली तर पैसे पडतात का, हे त्यात असतं. आणि तुझी खरी काळजी, ‘मिरज केवढंसं, उद्या गावभर होईल’, तिचंही उत्तर तिथेच असतं. तू सांगितलेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुझा हक्कच आहे. अपवाद मोजके : तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट निघाली, किंवा कोर्टाने मागितलं तर. माझ्या मॅडम एकदा मंडईत समोरासमोर आल्या आणि ओळखही न दाखवता गवारीचा भाव विचारत राहिल्या. मी चरफडलो. मग कळलं, आपण आधी हसल्याशिवाय त्या बाहेर ओळख दाखवत नाहीत. उगाच कुणी विचारायला नको, ‘या कोण?’

बहुतेक एक नऊ प्रश्नांचा कागदही देतील. गेल्या दोन आठवड्यांत उत्साह वाटेनासा झाला का, झोपेचा त्रास झाला का, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. मी शहाणा, सगळीकडे ‘अजिबात नाही’वर खुणा केल्या. मॅडमनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘काल रात्री किती वाजता जाग आली?’ मी म्हणालो, पावणेतीन. खालून पिकोच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. त्यानंतर मी काय काय बोललो ते मला सलग आठवत नाही. तू तो कागद खरा भर. नववा प्रश्नसुद्धा.

एक मात्र धरून चाल, पहिल्या दिवशी हलकं वाटेलच असं नाही. मी बाहेर पडलो तेव्हा वाटलं, दीड हजार रुपये मोजून माझीच गोष्ट मीच सांगून आलो. दुसऱ्या वेळी तर आणखी बिघडल्यासारखं वाटलं. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत निकाल लावू नकोस.

सल्लाही मागू नकोस, मिळणार नाही. मी थेट विचारलं होतं, ‘राजीनामा देऊ का?’ तर म्हणाल्या, ‘दिलात, तर सोमवारी सकाळी उठल्यावर काय कराल?’ मला राग आला. पण सोमवारी सकाळचा विचार मी खरंच केला नव्हता.

मला त्यांनी वही करायला लावली. काय घडलं, मनात काय आलं, मग काय झालं. साहेबांनी माझा रिपोर्ट न वाचता बाजूला ठेवला, ‘माझं इथलं संपलं’, छातीत धडधड. आणि मधल्या रकान्यापुढे एकच प्रश्न : हे कशावरून? ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची पद्धत, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवलेली. तुझ्या बाई कदाचित यातलं काहीच करणार नाहीत. अण्णांना जाऊन चारच महिने झालेत, आणि दुःखाला रकाने पाडता येत नाहीत. नुसतं अण्णांबद्दल बोलू देतील. तेराव्यानंतर तुला कुणी तेवढं तरी बोलू दिलंय का? आम्हीसुद्धा ‘आता सावर’च म्हणत राहिलो.

त्यांनी सायकिअ‍ॅट्रिस्टला भेटायला सांगितलं तर ‘म्हणजे मी त्या थराला गेलो’ असं समजू नकोस. समुपदेशक गोळ्या लिहून देत नाहीत, ते त्या डॉक्टरांचं काम. त्यांचं शिक्षण काय, हेही बिनधास्त विचार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असतो. समुपदेशकांपैकी सगळ्यांकडे तो असेलच असं नाही, पण प्रश्न विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे परत जायचं नाही.

हे अनुभवाने सांगतोय. या मॅडमच्या आधी मी एका गृहस्थांकडे गेलो होतो. ते मधेमधे मोबाइल बघत आणि मला रोज पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायला सांगत. पहाटे उठणं हाच माझा रोग होता! दोनदा गेलो आणि वर्षभर कुणाकडेच गेलो नाही. ते वर्ष फुकट गेलं. नाही पटलं तर बाईंना तोंडावर सांग, दुसरं नाव त्याच सुचवतील.

गुरुवारी नंतर लगेच दुकानात जाऊन बसू नकोस. गल्ला पोरावर सोपव आणि तासभर कृष्णाघाटावर जाऊन बस. वहिनींना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझा चष्मा तीन महिने चालला, मग बायकोच म्हणाली, ‘नंबर फारच वाढतोय तुमचा, मीही येऊ का एकदा?’

तुझा,
अव्या

ता. क. रात्री फारच घाबरं झालं तर आधी मला फोन लाव. मी घोरत असलो तर १४४१६, टेली-मानस. सरकारी आहे, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलतात.