पोरांना भडकणारा 'मर्द'च का दाखवता?

संपादक महोदय,

'बिग बॉस मराठी' २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून आमच्या आर्णी तालुक्यातल्या पोरांची भाषा बदलत गेलेली मी शिक्षक म्हणून पाहतो आहे. अमरावतीचा शिव ठाकरे २०१९ मध्ये जिंकला, तेव्हा तर इकडच्या प्रत्येकाला तो घरचाच वाटला, आणि मलाही मनापासून आनंद झाला. माझी तक्रार स्पर्धकांबद्दल नाही. बिग बॉसच्या घरातले नेमके काय उचलून पोरांपुढे ठेवले जाते, त्याबद्दल आहे.

तिथे पुरुष स्वयंपाक करतात, भांडी घासतात, बाथरूम धुतात. कामांची वाटणीच तशी असते. पण प्रोमोत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत यातले काही येत नाही. येतो तो अंगावर धावून जाणारा, बोट नाचवत दुसऱ्याची औकात काढणारा गडी. एखादा रडला की कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर, आणि दुसऱ्या दिवशी तोच टिंगलीचा विषय. बाई ओरडली तर भांडकुदळ, पुरुष ओरडला तर दमदार!

कापूस वेचणीच्या दिवसांत आया सकाळीच वावरात जातात. नववीतला एक मुलगा लहान बहिणीला पोळ्या करून देऊन मग शाळेत यायचा. वर्गात हे कळले आणि पोरं त्याला 'बाई' म्हणू लागली. त्याचे डोळे भरून आले, तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाईवानी काहून रडून रायला बे?" आता तो घरी काय करतो, हे कोणालाच सांगत नाही. हा टोमणा टीव्हीने शोधलेला नाही, गावातला जुनाच आहे. टीव्ही त्याला रोज रात्री खतपाणी घालतो.

विदर्भाला हे परवडणारे नाही. शेतकरी आत्महत्यांमागे नापिकी, कर्ज, पडलेले भाव आहेत. त्याचे खापर मी कोणत्याही कार्यक्रमावर फोडणार नाही. पण 'मर्द रडत नाही' हेच ऐकत वाढलेला माणूस बँकेची नोटीस बायकोलाही दाखवत नाही. देशात २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्या दर १०० जणांत सुमारे ७२ पुरुष होते. खचलेल्या शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताई घरोघरी विचारपूस करतात, मानसिक आरोग्याच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फुकट बोलता येते. पण आधी त्या माणसाने तोंड तर उघडायला हवे!

लोकांना भांडणेच हवी असतात, हे मला पटत नाही. २०२४ मध्ये याच प्रेक्षकांनी गरीब घरच्या, साध्याभोळ्या सूरज चव्हाणला विजेता केले.

तुमच्याकडेही एक मागणे आहे. मनोरंजनाच्या पानावर 'अमका तमक्यावर भडकला' एवढेच नको. भांडी घासणाऱ्या, रडणाऱ्या मित्राला जवळ घेणाऱ्या स्पर्धकाचाही फोटो छापा. आमच्या शाळेत तुमचा पेपर येतो, आणि पोरं तेच पान आधी उघडतात.

– एक शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ