नवस आणि नातीचा आजार

नाशिक

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की सुनेने नोकरीपायी पोरीच्या डब्याकडे दुर्लक्ष केले म्हणून हे झाले, आणि मागून बाबांचा आवाज आला की सगळा दोष त्या मोबाइलचा. अशा गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडून जे समजले आणि त्यानंतर मी जे वाचले, ते सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या नातीला झालेल्या आजाराचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने माणूस खाणे कमी कमी करत जातो तो आजार. हे नाव विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी १८७३ च्या सुमारास दिले, म्हणजे मोबाइल सोडाच, रेडिओही नव्हता तेव्हा या आजाराच्या मुली दवाखान्यात येत होत्या. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की हा आजार कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, या फरकाचा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग आनुवंशिकतेने येतो. याचा अर्थ आपल्या पोरीच्या दुखण्यातला निम्मा वाटा आईबापाच्या माथी मारायचा असा नव्हे. तो हिशेब पुष्कळ माणसांचा मिळून असतो, एकट्या माणसाचा नसतो. २०१९ मध्ये सतरा देशांतील जवळजवळ १७,००० रुग्णांची जनुके तपासली गेली, तेव्हा आजाराशी निगडित अशी आठ ठिकाणे सापडली. त्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की ही जनुकीय प्रवृत्ती एकीकडे चिंता आणि मंत्रचळ (तेच तेच विचार, त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा विकार) यांच्याशी जुळते, तर दुसरीकडे शरीर साखर आणि चरबी कशी वापरते याच्याशीही जुळते. तेव्हा याला निव्वळ मनाचा खेळ म्हणून चालणार नाही.

डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारली, तेव्हा बाबा, मला आत्याचे नाव घ्यावे लागले. तिचे एकामागून एक उपास, चतकोर भाकरीवर काढलेले दिवस आणि तरीही पहाटेपासून चाललेली कामाची घाई हे सगळे आपण व्रतस्थपणा म्हणून कौतुकाने सांगत आलो. ती हयात नसताना निदान करण्याचा अधिकार कोणालाच नाही, पण नोंद करणे भाग होते. सुनेच्या माहेरीही चिंतेचा विकार आहे, तोही लिहून घेतला गेला. दोन्ही घरांतून काही ना काही आले आहे.

तरीही केवळ प्रवृत्ती असून आजार होत नाही. बाबा, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की द्राक्षांवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, पण सगळ्या जातींवर सारखा येत नाही, आणि नाजूक जातही कोरड्या वर्षी सुखरूप निघते. हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. पोरीच्या बाबतीत पाऊस अनेक बाजूंनी आला. वयात येण्याचा काळ, दहावीचे क्लास, त्यात गेल्या पावसाळ्यात टायफॉइडने उतरलेले वजन, आणि लगेच निफाडच्या लग्नात चार बायकांनी केलेली ‘किती छान बारीक झालीस’ ही वाखाणणी. बाबांचा मोबाइलवरचा राग अगदीच निराधार नाही. फिजी बेटांवरील एका भागात १९९५ साली टीव्ही पोहोचला. तेव्हा शाळकरी मुलींपैकी १२.७ टक्के मुलींची उत्तरे खाण्याविषयीच्या चाचणीत काळजी वाटण्यासारखी होती, १९९८ मध्ये ते प्रमाण २९.२ टक्के झाले. पण बाकीच्या बहुसंख्य मुलींची उत्तरे तशी नव्हती, हेही त्याच आकड्यांत आहे.

आईला एक गोष्ट कळत नाही, की जी खात नाही ती सगळ्यांसाठी पोहे का करते, वर कोथिंबीर आणि ओले खोबरे घालून समोर बसून दुसऱ्यांचे खाणे का पाहते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने काही महिने अर्धपोटी ठेवले गेले, तेव्हा त्यांच्यातले कितीतरी जण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडचिडे झाले आणि अन्नाखेरीज दुसरे काही त्यांना सुचेना. उपासमारच मेंदूला असे वागायला लावते. तिच्यासारख्या प्रवृत्तीच्या काही मुलींना तर न खाल्ल्याने सुरुवातीला मन शांत झाल्यासारखे वाटते, आणि मग कारण कोणतेही असो, पोट रिकामे राहिले की आजार पुन्हा पकड घेतो.

म्हणूनच आईने सप्तशृंगीला बोललेल्या नवसाविषयी लिहायचे आहे. पोर बरी झाली की नवरात्राचे नऊ दिवस तिच्याकडून उपास करवून घेण्याचा नवस कृपा करून बदलावा. गडावर आपण सर्व जाऊ, देवीला साडी नेसवू, ओटी भरू, पुरणाचा नैवेद्य दाखवू. उपास मात्र तिने यंदाही करायचा नाही आणि पुढेही नाही. एकादशीलाही तिचे ताट नेहमीचेच राहील.

सध्या जेवणाच्या वेळी आम्हा दोघांपैकी एक जण तिच्याजवळ बसतो आणि ताट संपेपर्यंत उठत नाही. घरच्यांनीच जेवू घालण्याची ही पद्धत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झाली. तुम्ही आलात की हे काम तुम्हीही करू शकाल. फक्त तिच्या अंगाविषयी काहीच बोलू नये, ‘आता जरा भरलीस’ हेसुद्धा नको.

पुढची तपासणी मंगळवारी आहे. आत्याविषयी आणखी काही आठवत असेल, विशेषतः तिचे हे कोणत्या वयात सुरू झाले, तर बाबा, त्याआधी कळवावे.

तुमचा मुलगा