डेगरलोखच्या काकूंना, सगळ्यांसमोर

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे आभार मानायला सुरुवात केली की तुम्ही "बरं, चहा टाकते" म्हणून उठता. तोंडी काही जमत नाही, म्हणून लिहायला घेतलं. जर्मनच्या बी-टू पातळीच्या परीक्षेचा निकाल फोनवर सांगितला तेव्हाही तेच झालं. लेखी आणि तोंडी, दोन्हींत वेगवेगळे 60 टक्के लागतात आणि दोन्हींत मी व्यवस्थित पास झाले, हे ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "छान. आता नर्सिंगच्या मान्यतेचे कागद लगेच पाठव."

चारचौघांत लिहिण्याला कारण आहे. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून माझ्या मिरजेच्या ज्युनिअर मुलींचे मेसेज वाढले आहेत. बहुतेकींचा प्रश्न एकच असतो: "ताई, माझं इंग्रजी कच्चं आहे, मला जर्मन जमेल का?" या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या स्वयंपाकघरात मिळालं. ते त्यांच्यापर्यंत पोचावं आणि ते तुमचं आहे हेही त्यांना कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

त्यांना इथला दिवस कसा असतो तेही विचारायचं असतं, म्हणून गुरुवारचंच सांगते. स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात माझी खोली. सकाळी अंधारातच उठायचं, डबा भरायचा, एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडायची. गाडीत कानाला डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या. जर्मन शिकणाऱ्यांसाठीच त्या एकेक शब्द सुटा करून वाचतात आणि रविवार सोडून रोज नव्या असतात. मग रोटेब्युलप्लात्झला फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे मोठ्यांच्या शिक्षणकेंद्राचा, वर्ग, दुपारपर्यंत. वर्गात सीरियाचा दंतवैद्य, युक्रेनची शाळामास्तरीण, ब्राझीलचा आचारी, अशी सगळी मोठी, कामाची माणसं. आपापल्या देशात हातखंडा असलेली ही माणसं इथे डेर, डी, डास ही नामापुढची आर्टिकलं घोकत बसतात, आणि कुणी कुणाला हसत नाही. त्या वर्गाबद्दल मला आदर आहे. नियम तिथेच पक्के झाले.

दुपारी मायलेंडर प्लात्झच्या शहर ग्रंथालयात जायचं. 2011 साली उघडलेली ती चौकोनी इमारत आतून नखशिखांत पांढरी आहे. तिथे ऊब असते, शांतता असते आणि कुणी उठवत नाही. खोलीत हीटर बेताने लावणाऱ्या मुलींना याचं मोल कळेल. गृहपाठ संपवून मारीएनप्लात्झला यायचं आणि त्साकेत बसायचं. 1884 पासून चालणारी ही दातेरी रुळांची गाडी चढ चढते, पुढच्या डब्यावर लोकांच्या सायकली बांधलेल्या असतात आणि खाली सगळं स्टुटगार्ट पसरत जातं. वर डेगरलोखला तुमचं घर.

गणपतीत आरतीनंतर तुमची ओळख झाली आणि "गुरुवारी ये, बघू काय अडतंय" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला वाटलं होतं की एखाद-दुसऱ्या वेळी बसाल. पहिल्याच दिवशी तुम्ही माझी शब्दांची वही हातात घेतलीत. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. तुम्ही विचारलंत, "तू स्वप्नं कुठल्या भाषेत बघतेस?" मी म्हटलं, मराठीत. "मग मधे हा तिसरा माणूस कशाला?"

ऐंशीच्या दशकात साताऱ्याहून इथे आलात तेव्हा तुमचं स्वतःचं इंग्रजी बेताचंच होतं. क्लासला पैसे नव्हते. बेकरीच्या काउंटरवर पहाटे पाचला उभं राहून, ब्रेत्झेल विकता विकता तुम्ही जर्मन उचललंत, आणि उचलताना ती थेट मराठीवर ठेवत गेलात. पुस्तकं शिकवत नाहीत ते तुम्हाला त्यामुळे दिसलं.

त्या दिवशी तुम्ही वहीत लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, "मला थंडी वाजते." खाली "मिर इस्ट काल्ट". मिर म्हणजे आपलं चतुर्थीतलं "मला". इंग्रजीतून आलेला माणूस "मी थंड आहे" असं काहीतरी म्हणून बसतो. मराठी माणसाला ते म्हणायचं कारणच नाही, कारण आपल्याकडे थंडी, आवड, दुखणं या सगळ्या गोष्टी "मला" होतात. मला आवडतं, मला बरं वाटत नाही, मला गरम होतंय: सगळीकडे जर्मन तेच करतं. वर्गात डाटीव्हचा, म्हणजे या चतुर्थीचा, तक्ता पाठ करताना माझा घाम निघत होता आणि तुम्ही दाखवलंत की तो तक्ता मी जन्मभर बोलतच आले आहे.

मग गाडी थांबलीच नाही. तीन लिंगांना सगळा वर्ग घाबरतो, पण तो-ती-ते आपल्या घरचेच. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून लोक वैतागतात, आपलं क्रियापद नेहमीच शेवटी असतं. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस, जर्मनही तसंच म्हणतं, "फ्युन्फ-उंट-त्सवान्त्सिग". जितकं-तितकं, जर-तर, तू आणि तुम्ही, सगळ्यांना जोड्या आहेत. जर्मन झेड म्हणायला वर्गातल्या काहींना आठवडे लागले. तुम्ही म्हणालात, "चाकूमधला च म्हण." झालं.

जिथे मराठी कामाला येत नाही तिथेही तुम्ही स्पष्ट होतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लिंगं तीन आहेत, पण वाटणी निराळी. आपला सूर्य तो, त्यांची ती. आपलं टेबल ते, त्यांचं तो. "इथे डोकं चालवायचं नाही, पाठच करायचं," असं सांगून तुम्ही दम दिलात की नाम एकटं लिहायचं नाही. आर्टिकल आणि अनेकवचन सोबत हवंच. यू आणि ओ यांच्या डोक्यावर टिंबं आली की येणारे आवाजही आपल्याकडे नाहीत. "ई म्हणत राहा आणि ओठ ऊचे कर," असं सांगून तुम्ही माझ्यासमोर हातआरसा धरलात. ज्युनिअर मुलींनो, एवढी एक गोष्ट आजच आरशासमोर करून बघा.

फोनचा दिवस मी कधी विसरणार नाही. दात दुखत होता आणि दवाखान्याची वेळ फोनवरच मिळणार होती. तुम्ही माझ्यासाठी फोन केला असतात तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तुम्ही नंबर लावून फोन माझ्या हातात दिलात आणि समोर लसूण सोलत बसलात. पलीकडची बाई भराभर बोलत होती. समोरासमोर निदान चेहरा दिसतो, हातवारे दिसतात, फोनवर नुसता आवाज. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान वर केली नाहीत. वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने एक वाक्य लिहून माझ्याकडे सरकवलंत: "क्योन्टेन झी दास बिटे लांगझामर झागेन?" जरा सावकाश सांगाल का? मी ते वाचलं. ती बाई थांबली आणि खरोखर सावकाश बोलली. वार, वेळ, विमा कंपनीचं कार्ड, सगळं मी लिहून घेतलं. फोन ठेवला तेव्हा तुमच्या ताटलीत अख्खा गड्डा सोलून झाला होता आणि तुम्ही म्हणालात, "बघ, माणसंच आहेत ती."

आज वॉर्डात नातेवाइकांचे फोन मी उचलते. कुणी उचलायला सांगण्याची वाट बघत नाही.

शनिवार-रविवार मी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जायचे, तिथली अडचण वर्गात सुटण्यासारखी नव्हती. आजी-आजोबा सगळे श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलणारे. एक आजोबा पाण्यासाठी "इ हान दुर्श्ट" म्हणायचे, माझ्या पुस्तकात ते "इश हाबे दुर्स्ट" होतं. सकाळच्या ड्युटीची वेळही तिथे "द्रायफिअर्टल" करून सांगत. इथे आपण दोघी किती हसलो होतो, आठवतं? पाऊण आठ म्हणजे पावणेआठ, आणि नुसतं पाव आठ म्हणजे सव्वासात. साडेसातला तर सगळे जर्मन अर्धे आठ म्हणतात. बेकरीतल्या गिऱ्हाइकांचं ऐकून तुमच्या कानात बसलेली ही भाषा तुम्ही माझ्यासाठी आठवून आठवून वहीत उतरवलीत: नेट म्हणजे नाही, गेल म्हणजे हो ना, बिस्ले म्हणजे थोडंसं, आणि प्रत्येक गोष्टीला लाडाने लावलेलं ते "ले". मी कुरकुरले की हे परीक्षेत येत नाही, तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या गावचं व्हय आणि न्हाई कुठल्या पुस्तकात होतं? आजोबा काय परीक्षेतलं बोलणार आहेत?"

त्याच वेळी तुम्ही मिरजेची आठवण काढलीत. मिरजेत उपचारासाठी कर्नाटकातून माणसं येतात, आणि तिथल्या नर्सला कामापुरतं कन्नड येतंच. "ते कुणी शिकवलं तुला?" कुणीच नाही. दुखतंय का, जेवलात का, कधीपासून, एवढं ऐकत-विचारत येऊन गेलं होतं. भाषा शिकण्याची माझी ताकद माझ्याजवळ आधीपासून होती आणि परदेशात येऊन मी ती हिशेबातच धरली नव्हती. तुम्ही ती माझ्या पदरात परत घातलीत. पाळी बदलताना होणारी ती युबरगाबे, ड्युटी सोपवताना भराभर सांगितली जाणारी माहिती, मी तशीच शिकले. आधी नुसतं ऐकलं, मग एका रुग्णाचं सांगितलं, मग सगळ्यांचं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंचंही देणं लागते. जिना पुसायची पाळी संपली की केअरवोखेची, म्हणजे आठवड्याच्या साफसफाईच्या पाळीची, पाटी पुढच्या दारावर अडकवायची असते. तुमचे गुडघे दुखतात म्हणून पाटी मी नेऊन देते म्हटलं, तर तुम्ही बजावलंत, "नुसती अडकवू नकोस, बेल दाब आणि बोल." त्या बाई दारातच अर्धा तास बोलल्या, हवा, नातू, जिन्यातला दिवा. नंतर कळलं, तुम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ही मुलगी येईल, तिच्याशी गप्पा मारा. अशी शिकवणी मी कुठे पाहिलेली नाही.

काकू, गुडघ्यांचं दुखणं घेऊन तुम्ही दर गुरुवारी माझ्यासाठी बसलात. थंडीत साडेचारला अंधार पडायचा, तरी "उशीर झाला, आज राहू दे" असं तुमच्या तोंडून कधी आलं नाही. पैशाची गोष्ट काढली तर रागावलात. निघताना भाकरी बांधून दिलीत. परक्या गावात आईच्या वयाच्या माणसाने आपली वाट बघणं काय असतं, ते तिथून आलेल्या प्रत्येकीला कळेल. मी तुमची मनापासून ऋणी आहे, आणि हे एकदा तरी तुम्ही चहाला न उठता वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मिरजेची एक मुलगी पुढच्या महिन्यात इथे येते आहे. जर्मनचं ए-टू झालंय, इंग्रजी कच्चं आहे आणि त्याचीच तिला धास्ती आहे. तुमच्या वहीतली पानं मी तिला आधीच पाठवली, तुम्ही हो म्हणाला होतात म्हणून. मान्यतेचे कागद सोमवारी पोस्टात टाकले. माझी ड्युटी आता दुपारी संपते, तेव्हा पहिल्या गुरुवारी तिला त्साकेने मीच घेऊन येईन. भाकरीचं पीठ येताना आणते, तुमच्याकडचं संपत आलं होतं.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
गुरुवारची मुलगी